हिरड्यांचे उपचार आणि दवाखान्यातल्या संसर्गाची धास्ती

दाढ ठणकायला लागली की माणूस रात्री-अपरात्री डॉक्टरांना फोन करतो. हिरडीतून रक्त आलं तर मात्र बेसिनवर पाणी ओततो आणि कामाला लागतो. दुखत नाही, म्हणून घाई नाही. हिरड्यांच्या आजाराचं सगळं बळ या न दुखण्यात आहे, आणि करोनाच्या काळाने त्याला आणखी मोकळं रान दिलं.

२५ मार्च २०२०पासून देश बंद झाला तेव्हा दातांचे बहुतेक दवाखानेही बंद झाले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे २०२०मध्ये दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तातडीचे उपचार आधी आणि बाकीचं नंतर, असा त्यांचा रोख होता. ऑगस्ट २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं, की जिथे साथ समाजात पसरली आहे तिथे नेहमीची तपासणी आणि दातांची सफाई पुढे ढकलावी. त्या वेळी हाताशी असलेल्या माहितीवर तो सल्ला रास्त होता. पुढे लस आली, दवाखाने उघडले, निर्बंध उठले. पण ‘नंतर करू’ ही सवय बऱ्याच घरांत मुक्कामाला राहिली. ‘दात साफ करायला जायचं आणि भलतंच काही घेऊन यायचं’ हे वाक्य अजूनही कानावर येतं.

ही धास्ती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. दातांच्या दवाखान्यात संसर्ग होऊ शकतो, आणि क्वचित तो जिवावरही बेतला आहे. पण या भीतीपोटी उपचार लांबवले, तर दाताखालचं हाड झिजत राहतं आणि संसर्गाचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. त्यापेक्षा ती भीती प्रश्न विचारायला वापरा. काय बघायचं, काय विचारायचं आणि घरी काय करायचं, हे पुढे सांगतो आहे.

दंतवैद्य का हबकले होते

मार्च २०२०च्या मध्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने कोणत्या व्यवसायात संसर्गाचा धोका किती, याचा एक आलेख छापला होता. त्यात दंतवैद्य आणि दातांची सफाई करणारे हायजिनिस्ट अगदी टोकाला होते. कारण उघड आहे. आमचं काम रुग्णाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर चालतं, आणि त्या वेळी रुग्णाला मास्क लावता येत नाही. दात कोरायचं एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. सफाईच्या अल्ट्रासॉनिक स्केलरचं टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं. दोन्ही यंत्रांना थंड ठेवायला पाण्याची धार लागते, आणि त्या पाण्याचे लाळ-रक्त मिसळलेले बारीक तुषार हवेत उडतात. हिरड्यांच्या उपचारांचं मुख्य हत्यार म्हणजे हा स्केलरच. म्हणून साथीच्या दिवसांत सगळ्यात आधी बंद पडले ते हिरड्यांचे उपचार.

त्याच सुमारास तीस देशांतल्या ६६९ दंतवैद्यांची पाहणी झाली. त्यातल्या ८७ टक्क्यांना संसर्गाची भीती वाटत होती, ६६ टक्क्यांना वाटत होतं की साथ ओसरेपर्यंत दवाखाना बंद ठेवावा. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. साथीमुळे उपचारांच्या पद्धतीत काय बदल करायचे, हे सुमारे ९० टक्क्यांना माहीत होतं. प्रत्यक्षात ते बदल करणारे ६१ टक्के होते. म्हणजे अडचण अज्ञानाची कमी होती. माहीत असलेली गोष्ट रोज, प्रत्येक रुग्णासाठी, गर्दीच्या संध्याकाळीसुद्धा करायची, तिथे गाडी अडत होती. रुग्णाने डोळे उघडे ठेवायचे ते याच कारणाने.

आणि जिथे काळजी घेतली गेली तिथे काय झालं? अमेरिकन डेंटल असोसिएशनने जून २०२०मध्ये दोन हजारांहून जास्त दंतवैद्यांची पाहणी केली. त्यांच्यातलं करोनाचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी निघालं. जवळजवळ सगळ्यांनीच नेहमीपेक्षा जास्त खबरदारी सुरू केलेली होती. २०२१मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात पूर्णिमा कुमार यांच्या गटाने उपचारांच्या वेळी उडणारे तुषार गोळा केले आणि त्यातले जंतू कुठून आले ते शोधलं. रुग्ण फक्त २८ होते, त्यामुळे फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी जे दिसलं ते विचार करायला लावणारं आहे. तुषारांतले बहुतेक जंतू लाळेतले नव्हते, यंत्राच्या पाण्यातले होते. काही रुग्णांच्या लाळेत करोनाचा विषाणू सापडला, तुषारांत मात्र तो आढळला नाही. यंत्राचं पाणी भरपूर असल्यामुळे लाळ पातळ होते, आणि सक्शनची जोरदार नळी बरंचसं ओढून घेते. म्हणून मास्क काढून टाका असा याचा अर्थ कुणी काढू नये. सक्शन नीट चालू आहे का आणि यंत्रातलं पाणी कसं आहे, याकडे पाहायला हा अभ्यास सांगतो.

पाणी आणि सलाईन

दातांच्या खुर्चीला ज्या बारीक नळ्यांतून पाणी येतं त्या रात्रभर भरलेल्या राहतात. आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. २०११मध्ये इटलीत ८२ वर्षांच्या एका बाई लिजिओनेला जंतूच्या न्युमोनियाने दगावल्या. त्यांच्या शरीरातला जंतू आणि दंतवैद्याच्या खुर्चीच्या पाण्यातला जंतू एकच असल्याचं तपासात सिद्ध झालं, आणि ‘लॅन्सेट’ने ते २०१२मध्ये छापलं. अशा घटना फार विरळ आहेत. पण त्या टाळणं सोपं आहे, म्हणून त्या जास्त सलतात. सकाळी पहिल्या रुग्णाआधी नळ्यांतून दोनेक मिनिटं पाणी सोडून द्यायचं, दोन रुग्णांच्या मध्ये वीस-तीस सेकंद सोडायचं, नळाला थेट जोडण्याऐवजी खुर्चीला वेगळी बाटली लावून त्यात शुद्ध केलेलं पाणी भरायचं आणि ठरावीक दिवसांनी नळ्यांना जंतुनाशक द्यायचं. शस्त्रक्रिया असेल तर हे पाणी वापरायचंच नाही, निर्जंतुक सलाईन वापरायचं.

सलाईनचंही पथ्य आहे. तमिळनाडूतल्या वाणियंबाडी इथल्या एका दातांच्या दवाखान्यात उपचार घेतलेल्या काही जणांना मेंदूचा भयंकर संसर्ग झाला आणि त्यातले काही दगावले. तपास करणाऱ्या संशोधकांचा रोख सलाईनच्या बाटलीवर गेला. बाटली शस्त्रक्रियेच्या अवजाराने उघडायची, सैल बंद करून ठेवायची आणि पुढच्या रुग्णाला तीच वापरायची, असा प्रकार तिथे चालत होता. तिथे ना कुठली नवी साथ होती, ना कुठलं गुंतागुंतीचं यंत्र. काही रुपयांची बाटली वाचवण्याची सवय होती. तुमच्यावर हिरडीची शस्त्रक्रिया व्हायची असेल, किंवा दात काढल्यावर जखम धुवायची असेल, तर ‘सलाईनची बाटली नवी फोडाल ना?’ हे अगदी मोकळेपणाने विचारा.

भूल द्यायच्या इंजेक्शनचंही तेच. आपल्याकडे पुष्कळ दवाखान्यांत भुलेच्या औषधाची मोठी बाटली असते आणि त्यातून अनेक रुग्णांसाठी औषध काढतात. त्यात गैर काही नाही, फक्त बाटलीत जाणारी सुई आणि सिरिंज दर वेळी कोरी हवी. पाकीट तुमच्यासमोर फाडलं गेलं पाहिजे. वापरलेली सुई कापून पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात जायला हवी. २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

अवजारं उकळून घेतली, स्पिरिटने पुसली किंवा निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवली, एवढ्याने ती निर्जंतुक होत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो. आपला प्रेशर कुकर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर तो चालतो: दाबाखालची वाफ, १२१ अंश सेल्सियसला निदान पंधरा मिनिटं, किंवा १३४ अंशाला काही मिनिटं. अवजारं आधी घासून धुतलेली हवीत, कारण वाळलेल्या रक्ताच्या आत वाफ पोचत नाही. नंतर ती कागद-प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये जातात. पाकिटावर एक खूण असते, ती वाफेने रंग बदलते. खुर्चीत बसल्यावर तुमच्यासमोर सीलबंद पाकीट उघडलं गेलं आणि त्यावरची खूण बदललेली दिसली, की अर्धी काळजी मिटली असं समजा. स्केलरचं टोक आणि एअरोटरसुद्धा असेच निर्जंतुक झालेले हवेत. बरेच दवाखाने आरसा-चिमटा पाकिटातून काढतात आणि एअरोटर मात्र नुसता पुसून पुढच्या रुग्णाला वापरतात. त्याबद्दल जरूर विचारा.

आता हातमोज्यांकडे बघा. घातलेत की नाही एवढंच बघून भागत नाही, ते तुमच्यासाठी नवे घातलेत का आणि मध्येच कशाला लागतात, तेही बघा. हातमोजे घातलेल्या हाताने डॉक्टरांनी मोबाइल उचलला, कपाटाचा खण उघडला आणि तोच हात परत तोंडात घातला, तर हातमोज्यांचा उपयोग फक्त डॉक्टरांना झाला. हे दिसलं तर ‘डॉक्टर, ग्लोव्हज बदलता का?’ म्हणा. ज्यांना आपल्या कामाची चाड आहे त्यांना राग येत नाही, उलट बरं वाटतं. ज्यांना येतो, त्यांच्याकडे पुन्हा जायचं की नाही हे तुम्हीच ठरवा.

साथीत आलेल्या काही गोष्टी नुसत्या दिखाऊ होत्या. दारातला सॅनिटायझरचा फवारा आणि बुटांवरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या यांनी मनाला धीर येतो, बाकी फारसं काही साधत नाही. त्यापेक्षा खोलीत हवा खेळती आहे का ते बघा. दारं-खिडक्या बंद ठेवून एसीवर चालणाऱ्या लहान खोलीत तुषार बराच वेळ रेंगाळतात. एक खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट पंखा सुरू असेल तर फरक पडतो. उपचाराआधी जंतुनाशकाने खळखळून चूळ भरायला लावणं हीही चांगली सवय आहे. त्याने तोंडातल्या जंतूंची संख्या काही काळ घटते. मात्र पोविडोन आयोडिन देत असतील आणि तुम्हाला आयोडिनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा त्रास असेल, तर आधीच सांगा.

घरातलं माणूस वयस्क असेल, केमोथेरपी किंवा डायलिसिसवर असेल, तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या. खोली रात्रभर रिकामी असते आणि प्रतीक्षेची गर्दी नसते.

तुमची बाजू

दवाखान्याने काळजी घ्यायची आणि रुग्णाने ताप लपवायचा, असं चालणार नाही. अंगात कसकस असेल, खोकला असेल, घरात कुणी नुकतंच आजारी पडलं असेल, तर फोन करून वेळ पुढची घ्या. हिरड्यांची सफाई आठवड्याने झाली तर काही बिघडत नाही. आठवडा आणि वर्ष यांतला फरक मात्र लक्षात ठेवा.

कावीळ, एचआयव्ही, क्षयरोग यांबद्दलही खरं सांगा. चांगला दंतवैद्य प्रत्येक रुग्णाला जोखमीचा समजूनच तयारी करतो. तुम्ही सांगितलेल्या माहितीचा उपयोग होतो तो औषधं निवडायला आणि रक्तस्राव सांभाळायला. हिपॅटायटिस बीची लस तीन डोसांत पूर्ण होते. दंतवैद्य आणि त्यांच्या सहायकांनी ती घेतलेली हवी. सहायक मुलीने घेतली आहे का, हे मालक डॉक्टरांनी स्वतः बघायला हवं. सुया-अवजारं धुताना टोचतं ते तिला.

औषधांची यादी खिशात ठेवा. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन घेणाऱ्या काही जणांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. फिटच्या फेनिटॉइनने आणि अवयव-प्रत्यारोपणानंतरच्या सायक्लोस्पोरिननेही असं होतं. औषध बदलता येतं, पण ते फिजिशियनशी बोलून. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी दात साफ करायच्या आधी स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्यातून होणारा हृदयाचा धोका हिरडीच्या रक्तापेक्षा कितीतरी मोठा असतो. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शनं किंवा आठवड्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण त्यात दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून यायला अडचण येऊ शकते.

हिरडीत होतं काय

१९६५मध्ये डेन्मार्कमधल्या हाराल्ड ल्यो यांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना त्यांनी दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरड्यांच्या आजाराबद्दलचं निम्मं ज्ञान या प्रयोगात आहे. दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर हे मूळ कारण, आणि सुरुवातीची सूज पूर्ण बरी होते.

तो थर काढला नाही तर लाळेतल्या क्षारांनी घट्ट होतो, त्यालाच आपण किटण म्हणतो. किटण ब्रशने निघत नाही. त्याच्या खडबडीत पृष्ठावर नवा थर बसतो आणि सूज खाली उतरते. हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो आणि त्याच्या तळाशी हाड विरघळायला लागतं. लोक याला पायरिया म्हणतात. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. काही विशिष्ट खड्ड्यांत शस्त्रक्रियेने थोडं भरून आणता येतं, बाकी ठिकाणी आहे ते टिकवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगात शंभर कोटींहून जास्त लोकांना हिरड्यांचा तीव्र आजार आहे.

‘आमच्या आजोबांनी आयुष्यात ब्रश धरला नाही आणि बत्तीस दात घेऊन गेले,’ हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. ल्यो यांनीच श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० मजुरांचा पंधरा वर्षं अभ्यास केला. त्या मजुरांना दातांचे उपचार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. सुमारे ११ टक्क्यांचा आजार सूज येण्यापुढे गेलाच नाही. ८१ टक्क्यांचा हळूहळू वाढला. आणि ८ टक्क्यांचा इतका झपाट्याने, की ऐन चाळिशीत दात गळाले. आजोबा बहुधा त्या अकरा टक्क्यांतले असतील. तुम्ही कुठल्या गटात आहात हे आरशात बघून कळत नाही.

ते कळतं प्रोब नावाच्या एका बारीक सळईने. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. डॉक्टर ती प्रत्येक दाताभोवती हलक्या हाताने फिरवून खिशाची खोली मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चार किंवा अधिक असेल तर लक्ष द्यायला हवं. हिरड्यांची तक्रार घेऊन गेलात आणि कुणी प्रोब लावलाच नाही, तर तपासणी अर्धी राहिली. आकडे लिहून मागा. तीन महिन्यांनी तेच आकडे पुन्हा घेतले की उपचाराचा उपयोग झाला का ते तुम्हालाही दिसेल.

मधुमेह आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात. साखर वाढलेली असली की हिरडी लवकर खराब होते, आणि हिरडीतली सततची सूज साखर वाढवते. हिरड्यांचे नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, साधारण ०.४ने उतरतो, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. गोळ्यांच्या जोडीला एवढी मदत मिळत असेल तर ती सोडू नये. हिरड्यांच्या आजाराचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण २०१८मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात एचबीएवनसी ७ किंवा अधिक असलेले मधुमेही आणि दिवसाला १० किंवा अधिक सिगारेटी ओढणारे यांचा आजार झपाट्याने वाढणाऱ्या गटात धरला आहे.

तंबाखूबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला भारतात १९९२पासून बंदी आहे, पण महाराष्ट्रात मशेरी घरोघरी तव्यावर भाजली जाते. कितीतरी बायका सकाळी उठल्यावर आणि दुपारी काम आटोपल्यावर ती लावतात, दात साफ होतात या समजुतीने. मशेरीने दात काळे पडतात, हिरडी मागे सरकते, आणि तोंडाच्या कर्करोगाची टांगती तलवार राहते ती वेगळीच. विडी-सिगारेटचा आणखी एक घात म्हणजे तिने हिरडीतला रक्तप्रवाह आवळला जातो. त्यामुळे आत हाड झिजत असतानाही रक्त येत नाही, आणि माणूस समजतो की आपल्या हिरड्या ठणठणीत आहेत. सिगारेट सोडल्यावर हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तर घाबरून पुन्हा सुरू करू नका. झाकलेला आजार दिसायला लागलाय, एवढंच. तपासून घ्या.

करोना, हिरड्या आणि काळी बुरशी

कतारमध्ये ५६८ करोना रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा पायरिया असलेल्यांत अतिदक्षता विभागात जाण्याचं, व्हेंटिलेटर लागण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त दिसलं. २०२१मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर ‘हिरड्या वाईट तर करोनाने मराल’ अशा मथळ्यांचा पाऊस पडला. ते खरं नव्हे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. हिरड्या खराब असलेल्या माणसाला इतर आजारही असण्याची शक्यता जास्त असते. हिरड्यांचे उपचार करायला करोनाची भीती घालायची गरजच नाही.

त्याच वर्षी महाराष्ट्राने मात्र जे पाहिलं ते दंतवैद्यांनी आणि रुग्णांनी विसरू नये. दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण यायला लागले. सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत आपलं राज्य होतं. मे २०२१मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. बहुतेकांना मधुमेह होता आणि करोनात स्टेरॉइड दिलेली होती. यातले बरेच जण आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न जाता दातांच्या डॉक्टरकडे आले, कारण त्यांना वाटलं दाढ दुखतेय. वरच्या जबड्यातले दोन-तीन चांगले दात अचानक हलायला लागलेले, हिरडीला पू, टाळूवर काळा डाग, गाल बधिर. ज्या दंतवैद्याने ओळखलं त्याने त्याच दिवशी स्कॅनला पाठवलं. जिथे ते नुसतं गळू समजून अँटिबायोटिकवर सोडलं गेलं, तिथे जबडा आणि डोळा गमावण्याची पाळी आली.

हा आजार गेलेला नाही. साखर आटोक्यात नसलेल्या माणसाला तो कधीही होऊ शकतो. म्हणून एवढं लक्षात ठेवा: पायरियात दात महिनोन्‌महिने हळूहळू सैल होतात. काही दिवसांत वरचे दात हलायला लागले, आणि जोडीला गालाला बधिरपणा, एका बाजूने नाक चोंदणं, डोळ्याभोवती सूज किंवा टाळूवर काळपट डाग असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता मोठं रुग्णालय गाठा.

सफाई आणि रोजचं काम

‘दात साफ केले की दात हलतात, फटी पडतात’ हा समज गावात जितका आहे तितकाच शहरात. किटण दातांना एकमेकांशी बांधून ठेवतं, म्हणून हलणारा दात घट्ट वाटत असतो. किटण निघालं आणि हिरडीची सूज उतरली की आधीच झालेलं नुकसान उघडं पडतं. सफाईनंतर काही दिवस थंड पाणी झिणझिणतं, ते बहुधा आपोआप कमी होतं. खिसे खोल असतील तर मुळांची खोलवर सफाई लागते, ती भूल देऊन दोन-तीन बैठकांत होते. त्यानंतर दर तीन महिन्यांनी बोलावलं तर डॉक्टर पैशासाठी बोलावतात असं समजू नका. खोल खिशांत जंतूंची वस्ती साधारण तेवढ्या काळात पुन्हा जमते. हिरड्या निरोगी असतील तर सहा महिने-वर्षाने दाखवलं तरी पुरतं. गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात सफाई निर्धास्त करून घ्यावी.

घरचं काम याहून मोठं. मऊ ब्रश घ्या. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे तो तिरका टेकवा, अर्धे केस हिरडीच्या कडेखाली जातील असा. जागच्या जागी हलकेच थरथरवा आणि दाताच्या टोकाकडे ओढा. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि रात्रीचं कधीही चुकवू नका. जोर लावून आडवं घासलं की दात मानेशी कापले जातात. खरखरीत मंजन, मीठ, कोळसा, वीट यांनीही तेच होतं. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वाईट नाही, पण ती मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला पोचत नाही, आणि पायरिया बहुधा तिथेच सुरू होतो. दोन दातांमधल्या जागेत ब्रश जात नाही. फट बारीक असेल तर फ्लॉस, हिरडी खाली सरकून फट मोठी झाली असेल तर बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा इंटरडेंटल ब्रश. दोन्ही औषधांच्या दुकानात मिळतात. पहिले काही दिवस रक्त येईल. रक्त येतंय म्हणून ती जागा सोडून देऊ नका, आठ-दहा दिवसांत ते कमी व्हायला हवं. दोन आठवड्यांनंतरही येत राहिलं तर तपासून घ्या.

माउथवॉश हा ब्रशला पर्याय नाही. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिन लिहून दिलं असेल तर दोनेक आठवडे वापरा, पेस्टनंतर निदान अर्धा तास सोडून. महिनोन्‌महिने वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जेवणाची चव बदलते. सगळ्या घराचे ब्रश एकाच पेल्यात, केसाला केस लावून ठेवलेले असतात, तेही बदला. सर्दी-तापाच्या दिवसांत आजारी माणसाचा ब्रश वेगळा ठेवा, सगळे ब्रश उभे आणि वाळतील असे ठेवा.

पुन्हा साथ आली तर

तेव्हा सगळंच थांबवायचं नाही. गालाची किंवा हनुवटीखालची सूज मानेकडे वा डोळ्याकडे पसरत असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तोंड उघडत नसेल, रक्त थांबत नसेल, तर निर्बंध असले तरी त्याच दिवशी उपचार हवेत. हिरडीला गळू आलं असेल तर ते फोडून साफ करणं पुढे ढकलता येत नाही. एरवी फोन किंवा व्हिडिओवर बोलून ठरवता येतं. फोटो काढताना ओठ बोटांनी नीट बाजूला ओढून, उजेडात काढा, म्हणजे डॉक्टरांना काही दिसेल.

ज्यांचे खिसे खोल आहेत आणि साखर जास्त आहे त्यांनी तीन महिन्यांची सफाई साथीतही चुकवू नये. अल्ट्रासॉनिक स्केलर न वापरता हाताच्या अवजारांनीही सफाई होते. वेळ जास्त लागतो, डॉक्टरांचं मनगट दुखतं, पण पाण्याचे तुषार उडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांतही तुषार कमी उडवणाऱ्या, हाताने करायच्या उपचारांवर भर होता. अशी सफाई करून द्याल का, हे वेळ घेतानाच फोनवर विचारून ठेवा.